पेढीवरची शांतता

व्यापारी माणूस पत तपासण्यात सहसा चुकत नाही. लक्ष्मीपुरीतील धान्याचा व्यापारी असो, गुजरीतील सराफ असो की मार्केट यार्डातील गुळाचा अडत्या, अनोळखी माणसाला माल उधार देण्यापूर्वी तो चार ठिकाणी चौकशी करतो. जागा स्वतःची आहे की भाड्याची, मागे कधी चेक परत गेला होता का, भाऊ वेगळे झाले आहेत की एकत्र आहेत, मुलगा हाताशी आला आहे का, हे सारे प्रश्न त्याला न शिकविता येतात. एक प्रश्न मात्र तो क्वचितच विचारतो. त्या पेढीवर काम करणारी माणसे मालकासमोर काय बोलू शकतात? हा प्रश्न त्याला पतीशी संबंधित वाटतच नाही. तो नोकरांचा प्रश्न, घरगुती प्रश्न, असे समजून सोडून दिला जातो. वास्तविक एखादी संस्था आतून खचू लागली की त्याची पहिली खूण तिच्या हिशेबात उमटत नाही, तिच्या माणसांच्या बोलण्यात उमटते. हिशेब पुष्कळ नंतर बिघडतो.

महाराष्ट्रातील अलीकडच्या काळातील एक उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक 1984 साली मुंबईत एका शाखेने सुरू झाली. पस्तीस वर्षांत तिच्या शाखा 137 झाल्या आणि ठेवी 11,600 कोटी रुपयांच्या पुढे गेल्या. 2018-19 या वर्षाच्या अहवालात सुमारे शंभर कोटींचा नफा दाखविलेला होता आणि ढोबळ थकीत कर्जांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत होते. सहकारी बँकांच्या मानाने हे आकडे उत्तमच म्हणावयाचे. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले आणि 24 तारखेच्या सकाळी शाखांबाहेर जमलेल्या खातेदारांना समजले की पुढील सहा महिन्यांत प्रत्येकाला आपल्या खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली, पण पहिल्या दिवशी आकडा हजाराचाच होता. त्या रांगांत शीख समाजातील अनेक कुटुंबे होती, गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस होते, पतसंस्थांचे पदाधिकारी होते, निवृत्तीची सारी रक्कम एकाच ठिकाणी ठेवलेले वृद्ध होते. आपल्या माणसांची बँक म्हणून पैसे ठेवणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. आपल्या समाजातही पतसंस्था आणि बँक निवडताना हाच विचार प्रथम होतो, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे.

निर्बंधांच्या सुमारास बँकेचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेले साडेचार पानांचे पत्र पुढे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. एचडीआयएल या एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे बँकेचे सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये अडकले होते. एकूण कर्जाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम एका घरात! ही कर्जे थकली होती, पण थकीत म्हणून दाखविली गेली नव्हती. या समूहाची 44 कर्जखाती झाकण्यासाठी तपासणीच्या वेळी 21,049 बनावट खात्यांची यादी पुढे करण्यात आली होती. मूळ खाती संगणकावर मोजक्या कर्मचाऱ्यांनाच दिसतील अशी व्यवस्था होती, असे तपास यंत्रणेने म्हटले. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. येथे प्रश्न वेगळा आहे.

एकवीस हजार नावांची यादी एका माणसाच्या हातून तयार होत नाही. ती कोणीतरी टंकित केली असेल, कोणीतरी छापून बांधली असेल. काही खाती आपल्याला उघडता येत नाहीत, हे शेजारच्या टेबलावरील माणसाला दिसले असेल. एखाद्या मोठ्या कर्जदाराच्या फाइलला कोणी हात लावावयाचा नाही, हे शिपायापर्यंत सर्वांना ठाऊक असते. म्हणजे अहवालात जे कोठेच दिसत नव्हते त्याची छाया कचेरीत वावरत असलीच पाहिजे. ताळेबंद हा संस्थेचा समूहफोटो होय. तो काढताना सगळे सावरून बसतात. फोटो पाहून घरात भांडण आहे की नाही हे कळत नाही, घरात राहणाऱ्याला मात्र कळते.

त्या पत्रातील आणखी एक भाग व्यापारी वाचकाने विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. बँक लहान आणि अशक्त असताना या उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी भांडवलासाठी पैसे घातले होते, आणि 2004 मध्ये अफवांमुळे ठेवीदारांनी पैसे काढण्यास गर्दी केली तेव्हा शंभर कोटींच्या ठेवी ठेवून बँकेला सावरले होते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे गोष्टीचा आरंभ उपकारापासून झाला. उपकाराची जाण ठेवणे हा आपल्याकडे मोठा गुण मानतात आणि तो आहेच. परंतु संस्थेवरील उपकाराची फेड संस्थेच्या प्रमुखाने दुसऱ्यांच्या ठेवींतून करावयाची नसते. अडचणीत मदत केलेल्या एका माणसाचे नाव निघाले की सर्व नियम बाजूला पडतात आणि त्याच्याविषयी बोलणाराच कृतघ्न ठरतो, असे ज्या कचेरीत घडू लागते तेथे जपून राहावे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या बाजारात असे एखादे नाव पुष्कळ पेढ्यांवर सापडेल. वडिलांच्या पडत्या काळात ज्याने सहा महिने माल उधार दिला, त्याच्या मुलाकडची उधारी पंधरा वर्षे कोणी मागितलेली नसते. तो आकडा पेढीला झेपणारा असेल तर ते सौजन्य. झेपणारा नसेल आणि तरी मुनीमजींना त्याचे नाव काढण्याची बंदी असेल, तर तो नेतृत्वाचा दोष झाला.

वाईट बातमी वरपर्यंत न पोहोचणे ही दुबळ्या नेतृत्वाची सर्वांत खात्रीची खूण आहे, आणि ती ओळखणे प्रमुखालाच सर्वांत कठीण जाते. कारण ती दिसण्याऐवजी काहीतरी दिसेनासे होते. समजा, गुजरातेतील एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गुळाचे पैसे अडकले आहेत. वसुलीला गेलेल्या तरुण नोकराला तेथे गोदाम अर्धे रिकामे दिसते, दुकानातील जुनी माणसे बदललेली दिसतात, चहाच्या वेळी दोन देणेकरी बसलेले दिसतात. तो परत येऊन मुनीमजींना सांगतो की गिऱ्हाईक बसत चालले आहे. मुनीमजींना मागचा प्रसंग आठवतो. अशीच एक शंका त्यांनी बोलून दाखविली होती तेव्हा शेठजी सर्वांसमोर म्हणाले होते, “वडिलांपासूनचे गिऱ्हाईक आहे. तुम्ही खातेवही सांभाळा, माणसे मी ओळखतो.” म्हणून मुनीमजी लहान शेठना एवढेच सांगतात की पैसे थोडे लांबणार असे वाटते. लहान शेठ रात्री घरी वडिलांना सांगतात, “दिवाळीनंतर देतो म्हणालेत.” तीन माणसांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही. गुळाच्या रव्याला साठवणीत घट यावी तशी सत्याला प्रत्येक पायरीवर थोडी घट आली, एवढेच. पुढच्या आठवड्यात त्याच गिऱ्हाइकाला आणखी एक ट्रक जातो.

अशा पेढीवर भांडण नसते, कुरकुर नसते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटते, काय शिस्त आहे! शेठजी एक वाक्य बोलतात आणि चार माना हलतात. खरे पाहता, बैठकीत प्रमुख बोलण्यापूर्वी कोण बोलतो हे मोजावे. प्रमुखानंतर बोलणारे सगळे त्याचेच म्हणणे वेगळ्या शब्दांत सांगत असतील, तर ती बैठक झालीच नाही असे समजावे. घरातील स्त्रियांना या गोष्टी लवकर उमगतात हे येथे नमूद केले पाहिजे. पेढीवर कधी पाऊल न टाकणाऱ्या सूनबाईला पतीच्या जेवणावरून आणि सासऱ्यांच्या फोनवरील आवाजावरून जे कळते, ते अनेकदा लेखापरीक्षकाच्या अहवालात दोन वर्षांनी येते. तिला कोणी विचारत नाही ही वेगळी गोष्ट.

दुसरी खूण किल्ल्यांची. एखादा रोखपाल दहा वर्षांत एकदाही सलग रजेवर गेला नाही, असे कोणी कौतुकाने सांगितले की मुरलेला बँकवाला मनातून सावध होतो. रिझर्व्ह बँकेने बँकांतील संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग आणि पूर्वसूचनेवाचून रजेवर पाठविण्याचा नियम केला आहे. ही रजा विश्रांतीसाठी नसते. त्या दहा दिवसांत त्याचे टेबल दुसरा माणूस चालवितो आणि जे झाकलेले असेल ते उघडे पडते. रोखपाल प्रामाणिक असेल तर त्याचे काहीच बिघडत नाही, उलट त्याच्यावरील संशयाचे ओझे उतरते. आता हाच नियम प्रमुखाला लावून पाहावा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीचा मालक अभिमानाने सांगतो, “मी एक दिवस नसलो तर भट्टी पेटत नाही.” ऐकणारे वाखाणतात. पण याचा अर्थ असा की वीस वर्षांत त्याने एकही माणूस तयार केला नाही, किंवा तयार झालेला टिकू दिला नाही. लोखंड किती टक्के स्क्रॅपचे, वाळू कोणाकडून, कोणत्या गिऱ्हाइकाला किती सूट, हे सारे एकाच डोक्यात. तो माणूस आजारी पडला की बँकेत सही कोणाची चालणार येथपासून घरात शोध सुरू होतो. सम्मेदशिखरजीच्या यात्रेला गेलेला मालक मधुबनातून दिवसाला वीस फोन करीत असेल, तर त्याची यात्राही झाली नाही आणि कारखानाही चालला नाही.

तोंडी आदेश हा याच किल्ल्यांचा भाऊ. “वरून सांगितले आहे” या तीन शब्दांवर जेथे पैसे सुटतात, तेथे कधीतरी वरचा माणूस “मी असे म्हटलेच नव्हते” असे म्हणणार, हे ठरलेले. यश आले की श्रेय वर जाते आणि नुकसान झाले की नाव खाली शोधले जाते, ही खूण तर सर्वांना परिचित आहे.

कोण सोडून जातो याकडेही पाहावे. माणसे जातात, येतात, त्यात विशेष नाही. उद्यमनगरात चांगला पॅटर्नमेकर शंभर ठिकाणांहून बोलावणे घेऊन बसलेला असतो. परंतु जाणारे सगळे कामात हुशार आणि राहणारे सगळे हांजी करणारे, असा क्रम लागला की दोष पगाराचा उरत नाही. जाताना माणूस पगाराचेच कारण सांगतो, कारण ते सभ्य कारण आहे. खरे कारण तो बसस्टँडवर भेटलेल्या मित्राला सांगतो. बाजारात ते पंधरा दिवसांत पसरते आणि मालकाच्या कानावर शेवटी येते, किंवा येतच नाही.

कुटुंबाच्या व्यवसायात एक निराळीच खूण असते, जी व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सापडत नाही. दिवसा पेढीवर ठरलेला निर्णय रात्री जेवणाच्या ताटावर बदलतो. मोठ्या भावाने सकाळी एका पुरवठादाराला शब्द दिला, धाकट्याने दुसऱ्या दिवशी तो फिरविला. दोघेही नोकराला स्वतंत्रपणे सांगतात की माझे ऐक. अशा वेळी चतुर नोकर दोघांनाही होकार देतो आणि स्वतःच्या सोयीचे करतो, प्रामाणिक नोकर दोघांचीही बोलणी खातो. शिकून आलेल्या मुलाला जुन्या मुनीमांच्या डोक्यावर बसविताना तर फार विचार करावा. त्याला अधिकार द्यावयाचे असतील तर सर्वांसमोर, ठरावीक कामाचे, पूर्ण द्यावेत. अर्धवट दिलेला अधिकार मुलाला चिडखोर करतो आणि मुनीमांना अबोल. पुण्यात किंवा बंगळुरूला नोकरी धरून घरच्या व्यवसायाकडे पाठ फिरविणाऱ्या मुलांपैकी कितीजण खरोखर व्यापाराला कंटाळून गेले आणि कितीजण या अबोल्याला कंटाळून, याचा प्रत्येक घराने आपल्यापुरता विचार करावयाचा आहे.

मात्र एक सावधगिरी. कडक मालक म्हणजे वाईट नेता, असे कोणी समजू नये. सकाळी नवाच्या ठोक्याला हजेरी मागणारा, पावतीवरील खाडाखोड न चालविणारा, एक रुपयाच्या फरकासाठी कॅश पुन्हा मोजावयास लावणारा शेठ हाताखालच्यांना त्रासदायक वाटतो, आणि त्याच शेठकडे तीस तीस वर्षे माणसे टिकलेली असतात. त्याचा राग चुकीवर असतो, चूक सांगणाऱ्यावर नसतो. उलट गोड बोलणारे, प्रत्येकाच्या लग्नकार्यात आहेर पाठविणारे, कोणालाही न दुखविणारे प्रमुखही संस्था बुडवू शकतात, कारण कोणालाच नाही म्हणणे त्यांना जमत नाही, आणि ज्याला नाही म्हणावयास हवे तो नेमका मोठा कर्जदार असतो. परीक्षा एकच आहे. मागच्या वर्षी ज्याने शेठजींना न आवडणारी पण खरी गोष्ट सांगितली, तो माणूस आज कोठे आहे? त्याची जागा, त्याची वाढ, त्याच्याशी होणारे बोलणे यांत काय फरक पडला? हाताखालची सर्व माणसे त्या एका माणसाकडे पाहून आपली भाषा ठरवीत असतात.

आपल्या परंपरेत याविषयी फार सूक्ष्म विचार झालेला आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन आहेत. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणे. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. टीकाकार न्यासापहाराचा अर्थ मोठा मार्मिक करतात. ठेव ठेवणारा स्वतःची रक्कम विसरून कमी मागू लागला आणि ठेव सांभाळणारा “हो, तेवढीच होती” असे म्हणाला, तर तो न्यासापहार होय. येथे कोणी तिजोरी फोडलेली नाही, कोणावर जबरदस्ती केलेली नाही, केवळ एका चुकीला होकार दिला आहे. म्हणून हा दोष अचौर्याच्या प्रकरणात न घालता सत्याच्या प्रकरणात घातला आहे. ज्याला खरे ठाऊक आहे त्याने ते न सांगणे, हाच तेथे अपराध. एकवीस हजार बनावट खात्यांची यादी आणि हजार रुपयांसाठी लागलेली रांग यांना ही दोन प्राचीन नावे किती तंतोतंत लागू पडतात! त्याच वेळी हेही दिसते की ठेवीची जबाबदारी एकट्या शेठवर संपत नाही. होकार देणारा मुनीमही त्या व्रताच्या कक्षेत येतोच.

मग मुनीमाने करावे काय? आपल्याच जिल्ह्यातील कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. रयत शिक्षण संस्था स्थापन होण्याच्या काही वर्षे आधी कोल्हापूर संस्थानात डांबर प्रकरण गाजले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून तरुण भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांनी नकार दिला आणि त्यापायी छळ सोसला. पण प्रत्येक कारकुनाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय होईल. ज्याच्या घराचा हप्ता दरमहा पाच तारखेला जातो आणि मुलीचे लग्न दोन वर्षांवर आले आहे, त्याच्यासमोर सही करण्याचा कागद येतो तेव्हा तो एकटा असतो. त्याला झेपतील अशा गोष्टी लहान आहेत. तोंडी आदेश मिळाला तर “आपल्या सांगण्यानुसार” असे लिहून तारीख टाकावी. न समजलेल्या कागदावर सही न करता, समजावून द्या असे नम्रपणे म्हणावे. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नावर शेठ किती चिडतात, यावरूनच त्या कागदाची पारख होते. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने गैरप्रकार कळविण्याची व्यवस्था ठेवणे बंधनकारक केले आहे आणि कळविणाऱ्याला संरक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या पेढ्यांना हा कायदा लागू होत नाही. तेथे व्यवस्था म्हणजे शेठजींचा स्वभाव. तो साथ देत नसेल आणि कागद दर महिन्याला समोर येऊ लागले असतील, तर हप्ता चालू असतानाच दुसरीकडे जागा पाहावयास लागणे हे भित्रेपणाचे लक्षण मानू नये.

शेठजींच्या बाजूने पाहिले तर अडचण अशी की त्यांना विचारणारे कोणी नसते. साधुसंघात मुनी आपल्या दोषांची आलोचना आचार्यांपुढे करतात. पण आचार्यांचे काय? त्यांनीही आपली आलोचना दुसऱ्या आचार्यांपुढे करावी, अशी परंपरा आहे. वैद्य कितीही निष्णात असला तरी स्वतःच्या दुखण्यासाठी दुसऱ्या वैद्याकडे जातोच. व्यापारी घराण्यांत पूर्वी हे काम एखादे काका किंवा मामा करीत. ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात असत, त्यांना या पेढीचे घेणे नसे की देणे नसे, आणि वर्षातून एकदा येऊन ते वह्या चाळून दोन कडू शब्द बोलून जात. कुटुंबे लहान झाली आणि ही जागा रिकामी राहिली. ती कर सल्लागाराने भरत नाही, कारण त्याला आपणच फी देतो. पेढीकडून कर्ज घेतलेल्या मित्राने भरत नाही. अशा एका माणसाचा शोध घेणे आणि वर्षातून दोन दिवस त्याच्यापुढे वह्या व तिजोरी उघडी करणे, मुनीमजींशी त्याला एकांतात बोलू देणे, हे जरा अवघड वाटेल, परंतु एखाद्या नव्या गोदामापेक्षा स्वस्त आहे.

क्षमावणीच्या किंवा संवत्सरीच्या दिवशी अनेक पेढ्यांवर शेठजी नोकरांसमोर हात जोडतात. सुंदर प्रथा आहे. त्या दिवशी सगळे नमतात, मिठाई वाटली जाते आणि तासाभरात पेढी पूर्ववत सुरू होते. त्याच दिवशी मुनीमजींना आत बोलावून, दार लावून, “गेल्या वर्षात मला काय सांगावयाचे राहिले?” असे विचारून पाहावे. पहिल्या वर्षी मुनीमजी बहुधा काहीच सांगणार नाहीत. हसतील, “सगळे ठीक आहे” म्हणतील. दुसऱ्या वर्षी एखादी क्षुल्लक गोष्ट सांगतील, पंख्याची किंवा हमालांच्या चहाची, आणि तिचे पुढे काय होते ते पाहत राहतील. ती दुरुस्त झाली, तर तिसऱ्या वर्षी गुजरातेतील त्या गिऱ्हाइकाचे नाव निघेल.

पंजाब अँड महाराष्ट्र बँकेत ही वेळ आली नाही. 25 जानेवारी 2022 रोजी ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्यात आली. मधल्या काळात, फेब्रुवारी 2020 मध्ये, ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती, म्हणून लहान ठेवीदारांची सुटका झाली. पाच लाखांवरील रक्कम मात्र ठराविक हप्त्यांनी द्यावयाचे ठरले. पहिल्या व दुसऱ्या वर्षअखेरीस प्रत्येकी पन्नास हजार, पुढे थोडे थोडे वाढत, आणि पाच वर्षांच्या हप्त्यांनंतरही जे उरेल ते दहा वर्षांनी. 2019 साली साठीत असलेल्या ठेवीदाराला हा शेवटचा हप्ता 2032 मध्ये मिळावयाचा आहे.